दसऱ्याच्या चार दिवसांत औंध, कोल्हापूर आणि जमलं तर सावंतवाडी

एका ताईंनी सहलीचा बेत विचारला: पुण्याहून स्वतःची गाडी, बरोबर ६८ वर्षांच्या आई आणि दोन मुलं, हातात दसऱ्याचे चार दिवस. आणि यादीत सातारा, औंध (पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं), कोल्हापूर, सावंतवाडी, शिवाय गोव्याचे नरकासुराचे पुतळे. ताई, यादी झकास आहे, पण शेवटचं नाव आधी खोडा. नरकासुर जाळतात नरक चतुर्दशीच्या पहाटे, म्हणजे दसऱ्यानंतर अठरा-एकोणीस दिवसांनी. दसऱ्याला पणजीत गेलात तर नुसतं ट्रॅफिक बघून याल. ते फोव (पोहे) खायला आणि कारीट, म्हणजे कडू रानफळ, फोडायला दिवाळीत वेगळं जा.

दुसरी गोष्ट, जी मी स्वतः दोनदा हात पोळून शिकलो. सणाचं गाव आणि संग्रहालय एकाच दिवशी ठेवू नका. सणाच्या दिवशी रस्ते बंद, पार्किंग चार चौक लांब आणि तंगडतोड करून दारापर्यंत पोचलात तर तिथे कुलूप. संग्रहालयं आदल्या दिवसांत उरकायची, सणाच्या दिवशी नुसतं पायी फिरायचं.

तर अष्टमीला पहाटे निघा. साताऱ्यात थांबायचं ते छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयासाठी. पण 'वाघनखं दाखवू' असं मुलांना कबूल करून ठेवू नका. २०२४ च्या जुलैत ती लंडनहून साताऱ्यात आली होती, पुढे दुसऱ्या शहरात गेली. आणि कासची फुलं दसऱ्यापर्यंत बहुतेक उतरलेली असतात, त्यासाठी वाकडी वाट नको. वेळ कमी असेल तर मी सातारा सरळ सोडून देईन आणि रहिमतपूरवरून औंध गाठेन.

औंध कुणीच करत नाही, याचं मला दरवेळी नवल वाटतं. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये आपला सगळा संग्रह इथे लोकांसाठी मांडला. तेच ते सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले राजे, ज्यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. स्वतः चित्रकार होते, त्यामुळे निवड खरेदीखात्याची वाटत नाही, आवडीची वाटते. रविवर्म्याची सैरंध्री इथे आहे. कीचकाकडे जायला निघालेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावरची अनिच्छा छापील कॅलेंडरात कधी दिसत नाही, मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर कळते. धुरंधरांची चित्रं आहेत, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत. आणि खटाव तालुक्यातल्या त्या डोंगरावर ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-बाळाचं छोटं दगडी शिल्पही आहे! माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. रविवर्म्यापुढून ती झपझप निघून गेली आणि या दगडापाशी मात्र दहा मिनिटं बसून राहिली. "बाळ आईतूनच कोरून काढलंय," म्हणाली. यापेक्षा वेगळं मलाही काही सांगता आलं नसतं.

सोमवारी बंद असतं, तिथी बघताना वारही बघा. खाण्याची फार सोय धरू नका. आईंचे नवरात्राचे उपवास असतील तर शेंगदाण्याचे लाडू, केळी, ताक घरूनच घ्या. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे त्यांना चढ नाही. तिथून पुसेसावळीवरून कराडला महामार्गाला लागता येतं. पुढे कोल्हापूरपर्यंत सहापदरीकरणाचे वळसे आहेत, तासभर जास्त धरा. एक सुख म्हणजे उसाच्या ट्रॉल्या अजून रस्त्यावर आलेल्या नसतात. दिवाळीनंतर याच रस्त्यावर दर दोन किलोमीटरला एक ट्रॉली आडवी येते.

अष्टमीला रात्री कोल्हापुरात असा, कारण त्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. रांगोळ्या घातलेल्या रस्त्याच्या कडेला उभे राहिलात की देवीच तुमच्यासमोरून जाते, तेव्हा आईंना देवळाच्या रांगेत चार-चार तास उभं करायची गरज नाही.

नवमीला सकाळी न्यू पॅलेस. काळ्या दगडाचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा हा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, मेजर मँटचा आराखडा. आत शस्त्रं, दरबार हॉल आणि पेंढा भरलेले वाघ. मुलांना वाघ आवडतात, मला नाही. दुपारी टाउन हॉलचं संग्रहालय. गर्दी नसते, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेला काशाचा पोसायडन तिथे आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी काय करत होता? रोमशी व्यापार. वीतभर मूर्ती आहे, शोधावी लागते. राजवाडा थकवतो, टाउन हॉल नाही. एकच करायचं तर टाउन हॉल करा.

दसऱ्याला दुपारी साडेचारच्या आत दसरा चौक गाठा. अंबाबाईची, जुन्या राजवाड्यातल्या भवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते. छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात. सूर्य मावळताना शमीपूजन होतं आणि पुढच्या क्षणी सगळा चौक आपट्याच्या ढिगावर तुटून पडतो. 'सोनं लुटणं' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत होतो, पण तिथे माझ्या चष्म्याची काडी मोडली तेव्हा त्याचा अर्थ कळला. आई आणि मुलांना कडेला, शक्यतो एखाद्या ओट्यावर उभं करा. लुटायला तुमच्यापैकी एकानेच जायचं.

चौथा दिवस परतीचा. सावंतवाडी हवीच असेल तर पाचवा दिवस काढा. ओढूनताणून बसवू नका. आजऱ्यावरून आंबोली उतरायची, वाटेत पिकत आलेल्या भाताचा वास. राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतात: गोल पत्ते, दशावताराच्या एका जोडात १२०. मोती तलावाकाठी संध्याकाळ आणि चितार आळीत लाकडी खेळणी. एवढं पुरे.

आता गाडीचं. एका खंडेनवमीला पेठ नाक्याच्या अलीकडे माझं चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या टपरीत पान्हे, जॅक, हवेचा पंप सगळं ओळीने मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू. "हत्यारं पुजलीत साहेब, आता उद्या." पुढच्या दोन टपऱ्यांतही तेच. शेवटी माझ्याच जॅकने मी चाक बदललं, तो शेजारी उभा राहून सूचना देत होता आणि नंतर त्याने पेढा हातावर ठेवला. स्टेपनीत मात्र हवा अर्धीच होती, कोल्हापूरपर्यंत चाळीसच्या वर जाता आलं नाही. तेव्हा स्टेपनी अष्टमीच्या आधीच तपासून घ्या.