टीव्ही आणि गाणी दोन्हीसाठी अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेऊ की पॅसिव्ह घेऊन वेगळा अ‍ॅम्प लावू?

टीव्हीसाठीही आणि गाण्यांसाठीही एकच जोडी हवीय आणि दहाएक वर्षं तरी टिकावी असं तुम्ही लिहिलंय, तर माझं मत पॅसिव्हला, म्हणजे आत अ‍ॅम्प (सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर) नसलेल्या स्पीकरला, का ते सांगतो.

पण आधी अ‍ॅक्टिव्ह म्हणजे काय ते नीट बघा, कारण आत अ‍ॅम्प असला की सरसकट अ‍ॅक्टिव्ह म्हणून विकतात आणि त्यातले बरेचसे नुसते पॉवर्ड असतात. पॉवर्डमध्ये दोन्ही बाजूंचा अ‍ॅम्प एकाच डब्यात असतो आणि तिथून दुसऱ्या डब्याला दोन तारांची साधी स्पीकर वायर जाते, म्हणजे तो दुसरा डबा चक्क पॅसिव्हच झाला की. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा भाग) अ‍ॅम्पच्या आधी असतो, वूफरला (जाड आवाज देणाऱ्या कोनाला) वेगळा अ‍ॅम्प आणि ट्वीटरला (बारीक आवाज देणाऱ्याला) वेगळा, मध्ये कॉइल-कपॅसिटर काही नाही, त्यामुळे अ‍ॅम्पची पकड थेट वूफरवर राहते. त्यात डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असेल तर कमी आवाजात बेस वाढवून आणि मोठ्या आवाजात तो आवरून लहानसा डबासुद्धा भरदार वाजतो. हे पॅसिव्हला जमत नाही, खरंच नाही. टेबलावर हाताच्या अंतरावर ऐकायचं असतं तर मी डोळे झाकून अ‍ॅक्टिव्हच सांगितले असते, फक्त शांत खोलीत ट्वीटरचा बारीक हिस्स येतो का ते आधी ऐकून घ्या म्हटलं असतं.

आता टिकण्याचं. माझ्या अ‍ॅक्टिव्ह जोडीतल्या एका डब्याचा अ‍ॅम्पचा बोर्ड सहाव्या वर्षी गेला, वूफर ठणठणीत, ट्वीटर ठणठणीत, पण त्या मॉडेलचा बोर्ड मिळेना म्हणून अख्खी जोडी पडून राहिली, फार जीवाला लागलं ते. त्याच्याही आधीपासूनचे पॅसिव्ह माझ्याकडे आहेत, त्यांच्यामागे आत्तापर्यंत तीन अ‍ॅम्प बदलले, स्पीकर तेच. इलेक्ट्रॉनिक्स आधी म्हातारं होतं हो, आणि एचडीएमआय, ब्लूटूथ असली इनपुटं तर त्याच्याही आधी जुनी होतात.

पॅसिव्ह घेताना वॉटच्या आकड्याला भुलू नका, ५० चे १०० वॉट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते बघा, ८५ डेसिबलवाल्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी ४० वॉट लागतात तेवढाच आवाज ८८ वाला २० वॉटमध्ये देतो. आणि स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) असेल तर अ‍ॅम्पच्या मागे ४ ओहम चालतं असं लिहिलेलं असलंच पाहिजे, नाहीतर अ‍ॅम्प तापतो आणि मधेच बंद पडतो.

वायरींचं म्हणाल तर खरे अ‍ॅक्टिव्ह घेतले तर बहुतेक वेळा प्रत्येक डब्याजवळ प्लग पॉइंट लागतो, हे लोकांना घरी आणल्यावर कळतं.

तर तुमच्यासाठी बुकशेल्फ (शेल्फवर मावणारे छोटे) पॅसिव्ह आणि एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच अ‍ॅम्पकडे पाठवायची सोय) असलेला साधा स्टीरिओ अ‍ॅम्प, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होईल, ऑप्टिकल केबलवर बऱ्याच टीव्हींना ते जमत नाही. सुरुवातीला सबवूफर नको, पण अ‍ॅम्पला सब आउट (पुढे सबवूफर जोडायची जागा) आहे ना तेवढं मात्र बघून घ्या.