गेममधली नाणी २१४७४८३६४७ वर का अडकली?

प्रश्न: सर, माझा मुलगा नववीत आहे. मोबाईलवर एक गेम खेळतो, त्यात त्याची नाणी २१४७४८३६४७ झाली आणि तिथेच थांबली, एक नाणंसुद्धा वाढत नाही. गेम बिघडलाय का? आणि तो म्हणतो की या आकड्याला कशानेच भाग जात नाही, खरंय का? – एक आई, लालबाग

उत्तर: ताई, गेम ठीक आहे, आणि १ व तो आकडा स्वतः सोडला तर मुलगा अगदी बरोबर बोलतोय, अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

कॉम्प्युटर सगळं ० आणि १ मध्ये लिहितो. बऱ्याच प्रोग्राममध्ये एका आकड्याला ३२ घरं मिळतात, त्यातलं एक अधिक-उण्याचं, उरली ३१. सगळ्यांत १ भरला की होतात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. पुढे जागाच नाही.

आता भागाचं. मुलाला कागद-पेन घेऊन बसवा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं: ६४७ – ४८३ + १४७ – २ = ३०९. या ३०९ ला ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही, म्हणून मूळ आकड्यालाही नाही, कारण ७ × ११ × १३ = १००१. असं वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत तपासायचं, पण त्यात हजारो मूळ संख्या येतात हो! ऑयलर या थोर गणितज्ञाने १७७२ मध्ये दाखवलं की भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार, त्यामुळे तपासायचे आकडे चारशेच्या आत आले, आणि एकानेही भाग गेला नाही. तेव्हा त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, मला तर हे सांगताना दरवेळी भरून येतं.

पण ३१ मूळ संख्या आहे म्हणून हे आपोआप झालं असं त्याला वाटू देऊ नका. ११ पण मूळच, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९.

अजून एक, त्याला नक्की आवडेल. बरेच जुने कॉम्प्युटर १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद याच ३१ घरांत मोजतात. ती घरं भरतील १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, ऐन लोकलच्या गर्दीत. तोवर सिस्टीम बदलली नसेल तर पुढच्याच सेकंदाला अधिक-उण्याचं घर पलटून आकडा उणे होईल आणि तिचं घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल.