राजेंद्रबाबूंची 'नेमणूक' झालीच नव्हती

प्रश्न असा आलाय: स्पर्धापरीक्षेच्या एका पुस्तकात 'डॉ. राजेंद्र प्रसाद यांची २६ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रपतीपदी नेमणूक झाली' असं छापलंय, दुसऱ्या पुस्तकात 'निवड' आहे, तर यातलं बरोबर कुठलं? शिवाय राष्ट्रपती हा शब्द हिंदीतून आपल्याकडे आलाय का, आणि अमेरिकेवाल्याला राष्ट्रपती म्हणायचं की राष्ट्राध्यक्ष?

नेमणूक साफ चूक. हल्ली बातम्यांत, भाषणांत, शाळेच्या निबंधात, जिकडेतिकडे ऐकतो आणि प्रत्येक वेळी तितकाच राग येतो, कारण नेमायला वर कुणीतरी बसलेला लागतो. नेम म्हणजे नियम, ठरवून दिलेलं. पेशवाईच्या दफ्तरात तर सरकारातून बांधून दिलेल्या वार्षिक रकमेलाही नेमणूकच म्हणायचे, म्हणजे देणारा हात वरचा आणि घेणारा खालचा हे त्या शब्दात मुरलेलंच आहे. राज्यपाल नेमतात, मामलेदार नेमतात. राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, जून १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झाले ती नेमणूक, कारण कागदोपत्री आपला राष्ट्रप्रमुख तेव्हाही इंग्लंडचा राजा सहावा जॉर्जच होता आणि त्याच्या सहीनेच राजाजी आले. राजाजी उठले आणि राजेंद्रबाबू बसले त्या दिवशी माणूस बदलला हे सगळ्यांना दिसतं, पण क्रियापद बदललं, नेमणं संपलं आणि निवडणं सुरू झालं, ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि पुस्तक लिहिणारे ती एका शब्दात पुसून टाकतात.

तारीखही चुकलीय. निवड झाली २४ जानेवारीला, घटनासमितीच्या शेवटच्या बैठकीत. अर्ज एकच आला होता, सूचक नेहरू, अनुमोदक वल्लभभाई, निवडणूक निर्णय अधिकारी समितीचे सचिव एच. व्ही. आर. अय्यंगार. त्यांनी नाव जाहीर केलं, झालं. २६ ला शपथ झाली, सरन्यायाधीश कानियांनी दिली. संसद आणि विधानसभा अजून नव्या घटनेप्रमाणे निवडून यायच्या होत्या, मग मतदार आणणार कुठून, म्हणून घटनेतच कलम ३८० घालून ठेवलं होतं की तोपर्यंत घटनासमिती ज्याला निवडेल तो राष्ट्रपती. त्यामुळे १९५० ची ती 'निवड', बिनविरोध, आणि १९५२ ची ती 'निवडणूक', जिच्यात पाच उमेदवार होते आणि राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मतं पडली. दुसऱ्या नंबरवर प्रा. के. टी. शाह, ९२,८२७. (उमेदवारांत लक्ष्मण गणेश थत्तेही होते, २,६७२ मतं.) मराठीत निवड आणि निवडणूक यांच्यात हा जो बारीक फरक आपण सहज करतो तो निवडणुकीसाठी हिंदीतलं 'निर्वाचन' आणायला निघालेल्या मंडळींना दिसत नाही याचं मला कमाल आश्चर्य वाटतं. निर्वाचन वच् धातूवरचं, बोलण्याचं. त्याचा सख्खा भाऊ निर्वचन म्हणजे शब्दाची फोड करून सांगणं, निरुक्त लिहिणाऱ्या यास्काचं काम. मतपेटीशी त्याचा काय संबंध?

आपलं निवडणं सुपातलं आहे. प्राकृतात णिव्वड म्हणजे वेगळं होणं, स्पष्ट होणं. तांदूळ निवडतात तसं. आणि बिनविरोध म्हणजे आधी काही निवडटिपण झालंच नाही असं समजू नका, नेहरूंना राजाजी हवे होते, पटेल आणि काँग्रेसमधले बरेच जण राजेंद्रबाबूंच्या बाजूचे, १९४९ मध्ये यावरून पत्रापत्री झाली, सगळे खडे बाजूला काढून मगच तो एकुलता अर्ज सभागृहात आला.

आता राष्ट्रपती. 'हा हिंदीवाल्यांनी १९५० साली प्रेसिडेंटचं भाषांतर म्हणून पाडलेला शब्द' असं भले भले लोक छातीठोकपणे सांगतात, आणि भाषेवर सदरं लिहिणारेही सांगतात, तेव्हा मला राहवत नाही. पहिलं म्हणजे काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक कित्येक वर्षं राष्ट्रपतीच म्हणत होते, राष्ट्रपती सुभाषबाबू, राष्ट्रपती जवाहरलाल, आणि राजेंद्रबाबू स्वतः १९३४ च्या मुंबई अधिवेशनाचे अध्यक्ष, म्हणजे शपथ घ्यायच्या पंधरा वर्षं आधी ते आपल्या मुंबईत राष्ट्रपती होऊन गेले होते! दुसरं, शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सविता, म्हणजे सूर्यदेव, हा राष्ट्रपती आहे. देव श्री या देवीकडून एकेक गोष्ट काढून घेतात, सोम राज्य घेतो, वरुण साम्राज्य, आणि सविता राष्ट्र.

पण खरी मजा पुढेच आहे. राष्ट्रकूटांचे ताम्रपट काढा. आठव्या ते दहाव्या शतकातली दानपत्रं, म्हणजे वेरूळचं कैलास कोरलं गेलं तो काळ आणि ती माणसं. राजा गाव दान देतो आणि सगळ्या कारभाऱ्यांना कळवतो, त्यांची यादी ठरलेली: 'राष्ट्रपतिविषयपतिग्रामकूटायुक्तकनियुक्तक…' राष्ट्र म्हणजे तेव्हा देश नव्हे, मुलुखाचा एक भाग, त्याच्याखाली विषय, त्याच्याखाली गाव. म्हणजे आपल्या मातीतला राष्ट्रपती हा आजच्या हिशेबात फारतर कलेक्टर किंवा विभागीय आयुक्त. राजाचाच माणूस. आणि ग्रामकूट पाहिलात? कूट म्हणजे शिखर, डोकं. ग्रामकूटाचं प्राकृतात गामउड झालं आणि त्यावरून आपला गावडा, आडनाव गावडे. आता त्याच साच्यात राष्ट्रकूट घालून बघा. राष्ट्राचं डोकं! एका अख्ख्या घराण्याचं नाव म्हणजे शब्दशः राष्ट्रप्रमुख. मूळचं हे हुद्द्याचंच नाव, पुढे घराण्याला चिकटलं, देशमुख-कुलकर्णी चिकटले तसं. काही जण अजूनही कूट म्हणजे डोंगर धरून राष्ट्रकूट म्हणजे डोंगराळ मुलखातले असलं काहीतरी ठोकून देतात, त्यांनी शेजारच्या ग्रामकूटाचं काय करायचं ते आधी सांगावं. गावडा आणि राष्ट्रपती एकाच ताम्रपटात, एकाच ओळीत मांडीला मांडी लावून बसलेत, अजून काय पुरावा पाहिजे की हा शब्द आपल्याला परका नाही!

आणि पर्याय काय होता ते ऐका. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत सदस्य ह. वि. कामतांनी राष्ट्रपती हा शब्द कलमात का नाही म्हणून विचारलं, तेव्हा बाबासाहेबांनी दाखवून दिलं की मसुद्याच्या हिंदी भाषांतरात 'प्रधान' आहे आणि उर्दूत 'सरदार'. कामतांचं म्हणणं तेव्हा मान्य झालं नाही. पण मराठी कानाने विचार करा, प्रधान? आपल्याकडे प्रधान कायम कुणाच्या तरी हाताखाली. १६७४ च्या राज्याभिषेकात अष्टप्रधान महाराजांच्या सिंहासनाभोवती उभे होते, सिंहासनावर नव्हते, आणि पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. म्हणूनच प्राइम मिनिस्टरला आपण पंतप्रधान म्हणतो ते हिंदीच्या प्रधानमंत्रीपेक्षा कितीतरी नेमकं आहे, कारभार त्याच्या हातात पण आसन वरचं दुसऱ्याचं, हे नातं त्या शब्दात जसंच्या तसं आहे. राष्ट्रप्रमुखालाच प्रधान म्हटलं असतं तर मराठीत पंतप्रधान कुणाला म्हणणार होतो आपण? सरदाराचंही तेच.

२००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती बाई कशी, पती म्हणजे नवरा' हा वाद घालण्यात लोकांनी महिने घालवले. पती म्हणजे आधी स्वामी, सांभाळणारा, नवरा हा अर्थ नंतरचा. सभापती, सेनापती, कुलपती, लखपती, यात कुठे नवरा आहे? दंपती शब्दातला दम् म्हणजे घर, आणि वेदात दंपती एकवचनात घरधनी या अर्थाने येतो. वाद तिथेच मिटायला हवा होता.

राहिली अमेरिका. तिथे राष्ट्राध्यक्ष किंवा नुसतं अध्यक्ष म्हणा, कारण अध्यक्ष म्हणजे ज्याची नजर सगळ्यावर आहे तो, कौटिल्याकडे तर शेतीचा सीताध्यक्ष, जकातीचा शुल्काध्यक्ष, दारूचा सुराध्यक्ष, सगळे स्वतः कारभार बघणारे. वॉशिंग्टनमधला तसाच स्वतः कारभार हाकतो. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, म्हणून शब्द दोन असलेलेच बरे, ते एक करू नका. आणि त्या पुस्तकाच्या प्रकाशकाला पत्र जरूर टाका, २४ जानेवारी आणि 'निवड', दोन्ही दुरुस्त्या एकाच पत्रात.