हद्दीबाहेरचे ११ गुंठे घ्यावेत का?

ताई, येत्या मेमध्ये शाळेतून निवृत्त होताना ४० लाख हाती येतील, त्यातले २८ लाख पुणे महापालिकेच्या हद्दीपासून ६ किलोमीटरवरच्या ११ गुंठ्यांत घालू का, असं तुम्ही विचारलंय. एजंट म्हणतो, 'ग्रामपंचायतीचा भाग आहे, महापालिकेचा संबंधच नाही. झोनही लवकरच बदलून शेतीचा निवासी होईल.' मी म्हणेन, आत्ता घेऊ नका.

महापालिकेचा संबंध नसेल, पण शहराच्या नियोजनाचा आहे. पुण्याभोवतीच्या गावांसाठी २०१५ पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. बांधकामाची परवानगी तिथून मिळते; ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर घर बांधलंत तर ते अनधिकृत ठरेल. आणि झोन बदलण्याचं म्हणाल, तर पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्दच केला. त्या नकाशातला निवासी झोनचा पिवळा रंग बघून ज्यांनी पैसे घातले, त्यांची मला खरंच काळजी वाटते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फक्कीने आखलेला २० फुटी रस्ता दिसतो, शेवग्याच्या झाडाला वळसा घालून गेलेला. सोबतच्या गट नकाशात मात्र तो कुठेच नाही. सातबाऱ्यावर तर अख्खा गट तीन भावांच्या नावे आहे. म्हणजे तुमचे ११ गुंठे सध्या फक्त त्या फक्कीत आहेत. जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्र सातबारा निघाला नाही, तर नाव सामाईकात लागेल आणि विकताना सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल.

'शेतजमीन आहे, विकली तरी कर नाही' हेही इथे लागू नाही. १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन आयकरासाठी भांडवली मालमत्ता धरतात. दोन वर्षांनंतर विकली तरी नफ्यावर १२.५ टक्के कर आहेच.

तुमचं वय ५८. निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हेच २८ लाख ठेवलेत, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ५७,४०० रुपये येतील. तुमच्या औषधांचा आणि किराण्याचा खर्च त्यात निघतो. ११ गुंठ्यांतून पहिली पाच वर्षं काहीच येणार नाही.

तरी जमिनीची ओढ असेलच, तर आधी झोन दाखला, सरकारी मोजणी आणि जमिनीची मालकी तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट हातात घ्या. तोवर इसाराचा एक रुपयाही देऊ नका, एजंट कितीही घाई करू दे.