शिक्रा अंगणातली बुलबुलाची पिल्लं उचलतो, त्याला हाकलावं का?

तुम्ही विचारलंय की मागच्या अंगणात बुलबुलाचं घरटं होतं, पिल्लं बाहेर पडली त्याच दिवशी शिक्र्याने, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याने, एक उचललं, आता तो रोज चक्कर मारतोय तर त्याला हाकलू का, आणि त्याचा राग येतो यात माझं काही चुकतंय का. हाकलू नका. राग येण्यात काही चूक नाही, मी स्वतः एकदा चप्पल भिरकावली आहे, लागली नाही ते सोडा.

माझ्याकडे झालं असं की बुलबुलाचं घरटं जास्वंदीत होतं आणि मी किचनच्या खिडकीतून जवळजवळ दोन आठवडे अंड्यांवर बसलेली मादी बघत होते, मग पिल्लं, म्हणजे नुसती वासलेली तोंडं. एका सकाळी बाहेरचा सगळा किलबिलाट एकदम बंद झाला. बघते तर पिल्लू शिक्र्याच्या पंजाखाली, आणि त्याने दोन्ही पंख तंबूसारखे पसरून ते झाकून धरलेलं. मग फांदीवर नेऊन पिसं उपटायला लागला, एकेक पीस गिरक्या घेत खालच्या बादलीत पडत होतं. तो गेल्यावर बुलबुल चोचीत हिरवा सुरवंट घेऊन आली आणि रिकाम्या घरट्याच्या काठावर तशीच बसून राहिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तो सुरवंट चोचीत वळवळत होता हे मात्र माझ्या डोक्यात फार नंतर आलं. पुढे काही दिवसांनी पलीकडच्या झाडावर शिक्र्याचं पोर दिसायला लागलं, छातीवर तपकिरी ठिपके, दिवसभर भुकेने केकाटायचं, आणि एकदा मोठ्या शिक्र्याने त्याला सरडा आणून दिला तेव्हा मी चक्क "चला, मिळालं बाई एकदाचं" असं मोठ्याने म्हणाले. सरड्याची बाजू घ्यायला कोणीच नव्हतं. म्हणजे ज्याच्या घरट्यात मी आधी डोकावले त्याच्याकडून मी भांडणार, एवढाच माझा न्याय!

खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशीने मातीचं मडकं केलं होतं ते एकदा साफसफाईत फुटलं. आत पाचसहा सुरवंट ठासून भरलेले, डंख मारून लुळे केलेले पण मेलेले नाहीत, काडी लावली तर एक किंचित हलला. तिच्या अळीला ताजं खाणं मिळावं म्हणून ही सोय. यापुढे शिक्रा सज्जन वाटतो. डार्विनने १८६० मध्ये आसा ग्रे या वनस्पतीशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात अशाच माश्या, ज्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खातात, आणि उंदराला खेळवणारं मांजर यांचा उल्लेख आहे, की दयाळू देवाने हे मुद्दाम ठरवून केलं असेल हे काही मला पटत नाही. त्यालाही हे पचलं नव्हतं तर आपलं काय.

हिशोब मात्र करून बघा. बुलबुल एका वेळी दोनतीन अंडी घालते, घरटं मोडलं की पुन्हा बांधते, एका वर्षात दोनदा सहज. एका जोडीची आयुष्यभराची पिल्लं धरली तर त्यातली दोन मोठी होऊन त्यांची पिल्लं झाली की संख्या आहे तेवढी राहते. बाकीची कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात, कावळा, भारद्वाज, साप, आणि हो, ती गोड खारसुद्धा अंडी खाते. शिक्र्याला हाकललंत तरी ही मंडळी आहेतच, शिवाय तो नुसत्या पिल्लांवर जगत नाही, सरडे, उंदीर, मोठे किडे पण खातो. इथलं खाणं संपलं की तो आपोआप दुसरीकडे जातो.

मांजराचं तसं नाही आणि इथे मी अजिबात मऊ नाही. बागेतले पक्षी संपले तरी घरातली वाटी भरलेलीच, त्यामुळे ते थांबतच नाही. २०१३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये अमेरिकेपुरता अंदाज आला होता, मोकळी फिरणारी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, त्यातली बरीचशी बिनमालकीच्या मांजरांनी मारलेली, पण पाळलेली धुतल्या तांदळासारखी आहेत असं नाही. पिल्लं घरट्यातून उतरली की काही दिवस नीट उडत नाहीत, जमिनीवर, झुडपात बसून असतात, तेवढे दिवस तरी मांजर आत ठेवा.

तुम्ही दाणे ठेवत असाल तर आठदहा दिवस बंद करा, कारण एका जागी गोळा झालेले पक्षी म्हणजे शिक्र्याला आपणच वाढलेलं ताट. परत सुरू कराल तेव्हा ताटली दाट झुडपापासून चारपाच पावलांवर ठेवा, म्हणजे पक्ष्यांना पटकन लपता येतं आणि मांजराला अगदी शेजारी दबा धरता येत नाही. घरट्याजवळ फोटो काढायला सारखं जाऊ नका, कावळे आपल्यावर लक्ष ठेवून असतात, हे मी एक घरटं गमावून शिकले.

माझ्या जास्वंदीत पुन्हा काड्या दिसायला लागल्यात. मी यावेळी खिडकीला पडदा लावलाय, तरी दिवसातून चारदा तो बाजूला होतोच, आणि मांजर दाराशी बसून शिव्या घालतंय.