संग्रहासाठी आपलं पहिलं स्कॉटिश नाणं घेताय? मग अलेक्झांडर तिसऱ्याची पेनीच घ्या

बाराव्या शतकातला स्कॉटिश राजा डेव्हिड पहिला, त्याच्या नाण्यांच्या नादाला आत्ताच लागू नका, स्कॉटलंडची पहिली नाणी त्याचीच, 1136 च्या सुमाराला इंग्लंडच्या सीमेवरच्या कार्लाईल शहराची टांकसाळ हाती आल्यावर पाडलेली, पण ती दुर्मिळ नि खिसा रिकामा करणारी. तेराव्या शतकातला स्कॉटिश राजा अलेक्झांडर तिसरा, त्याची 1280 नंतरची पेनी, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, बऱ्यापैकी मिळते. राजाचा चेहरा बाजूने दिसतो, त्याच काळातल्या इंग्लंडच्या राजा एडवर्डच्या पेनीवर समोरून, त्यामुळे ओळखायला सोप्पं. मागे लांब क्रॉस आणि चार तारे, टांकसाळीचं नावच नाही! ताऱ्यांची टोकं मोजा, त्यांच्या बेरजेवरून टांकसाळ ठरत असावी असं अभ्यासक मानतात. वजन साधारण 1.4 ग्रॅम, फारच कमी भरलं तर कडा कातरलीय समजा. हातोड्याने पाडलेली असल्याने ठसा सरकलेला चालतो, पण चकचकीत घासलेलं नाणं बिलकुल घेऊ नका.