१४ लाखांचं ईआरपी शेवटी कितीला पडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत सीएनसी मशीनिंगचं युनिट, ६० माणसं, गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवता. ईआरपीचं, म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच सगळं एकाच सिस्टिमवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, १२ युजरसाठी १४ लाखांचं कोटेशन आलंय, त्यात ५ लाख लायसन्स आणि ९ लाख इम्प्लिमेंटेशन (बसवून चालू करून देण्याचे). फुकट पर्याय आहे का, हेही विचारलंय. आणि शेजारचे गाळेवाले म्हणतात, "दुप्पट धरून चला."

मी पुणे-चाकण पट्ट्यात ईआरपी बसवण्याचंच काम करतो, म्हणजे टेबलाच्या विकणाऱ्या बाजूला बसतो. तरी सांगतो, तुमचे शेजारी बरोबर बोलतायत. ही दुप्पट कुठून येते ते कळलं तर तिच्यातला बराच भाग टाळता येतो.

वरवरचे खर्च आधी उरकू. १४ लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ५२ हजार. त्याचं क्रेडिट मिळेल, पण पैसे आधी तुमच्या खात्यातून जाणार. दुसऱ्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे), लायसन्सच्या २० टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाला लाखभर. शॉपफ्लोअरवर वायफाय, दोन-तीन कॉम्प्युटर, बारकोड प्रिंटर, स्कॅनर हे कोटेशनमध्ये जवळजवळ कधीच नसतं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहेच, त्यामुळे त्याची आणि ई-वे बिलाची जोडणी कोटेशनमध्ये धरलीय की "ॲट ॲक्च्युअल्स" म्हणून सोडलीय ते बघा. क्रेडिट मिळणारा जीएसटी सोडला तर हे सगळं मिळून तीन-चार लाख होतील. रक्कम दुप्पट होते ती यामुळे नाही.

पहिला मोठा खड्डा आयटम मास्टरचा, म्हणजे तुमच्या सगळ्या मालाच्या यादीचा. तुमच्या स्टोअरची एक्सेल शीट उघडा आणि 'बोल्ट' असं शोधा. एकच एम ८ चा बोल्ट 'ॲलन बोल्ट एम८', 'बोल्ट ॲलन ८x२५', 'एसएचसीएस एम ८' अशा चार-पाच नावांनी सापडेल, प्रत्येकाचा स्टॉक वेगळा आणि एकाचा मायनसमध्ये. टॅलीत हे खपून जातं, कारण तिथे शेवटी रुपये जुळले की काम झालं. ईआरपी मात्र याच आकड्यांवरून खरेदी सुचवणार. समजा तुमचे ६,००० आयटम आहेत आणि एकेक तपासून, एकत्र करून, युनिट आणि जीएसटीचा एचएसएन कोड लावायला ३ मिनिटं लागतात. झाले ३०० तास, म्हणजे एका माणसाचे आठ-आठ तासांचे सदतीस-अडतीस दिवस. यानंतर बीओएम (कुठल्या भागाला काय माल लागतो) आणि राउटिंग (तो कुठल्या मशीनवरून कसा जातो). कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'डेटा क्लायंट देईल' असं लिहिलेलं असतं. ते एक वाक्य म्हणजे हे सगळं काम.

आणि हे काम करणार कोण? कन्सल्टंटला तुमचा बोल्ट ओळखता येत नाही. नवीन मुलगा ठेवलात तर तो टाइप करेल, पण कुठला आयटम खरा आणि कुठला मेलेला हे स्टोअरच्या जुन्या माणसालाच माहीत. म्हणजे तुमची सगळ्यात कामाची चार माणसं, स्टोअर, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), क्वालिटी आणि अकाउंट्सची, यात अडकणार. सरासरी पगार ४५ हजार धरला आणि सहा महिने त्यांचा निम्मा वेळ यात गेला, तर ५ लाख ४० हजार होतात. हा आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो आणि मालकांच्या हिशेबातही नसतो, कारण 'पगार तर देतोच आहोत'. पण त्या निम्म्या वेळात जी कामं व्हायची ती एकतर रखडतात, नाहीतर ओव्हरटाइममध्ये जातात. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअर ठीकच होतं. रोजचा डिस्पॅच सांभाळून या माणसांना वेळ मिळाला नाही, एवढंच.

दुसरा खड्डा म्हणजे 'आमच्याकडे असं चालतं'. एक अलीकडचं युनिट सांगतो. त्यांचा माल प्लेटिंगला बाहेर जायचा. कायद्याने जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेला, दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला पाहिजे, म्हणून प्रत्येक चलनाचा हिशेब ठेवावा लागतो (जुनी मंडळी त्याला अजून एक्साइजच्या जुन्या नियमाच्या नंबराने 'सत्तावन्न एफ फोर'च म्हणतात, एक्साइज जाऊन इतकी वर्षं झाली तरी). सिस्टिममध्ये पद्धत सरळ होती: चलन काढा, माल आला की त्याच चलनावर जमा करा. पण यांचा प्लेटिंगवाला तीन चलनांचा माल एका टेंपोत परत पाठवायचा, वर कागद एकच, आणि तोही किलोत. इकडून गेलेला माल नगात. मालक म्हणाले, सॉफ्टवेअर बदला. बदललं, त्याचे वेगळे पैसे लागले, पुढचं व्हर्जन आलं तेव्हा ते मोडलं आणि पुन्हा पैसे लागले. प्लेटिंगवाल्याला चलन नंबर लिहायला लावणं आणि गेटवर नग मोजणं फुकटात झालं असतं. मी तेव्हाही तेच सांगितलं होतं, पण त्यांना प्लेटिंगवाल्याला दुखवायचं नव्हतं.

मोठ्यांचंही असंच होतं. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने २०११ च्या सुमारास एसएपी या ईआरपीवर जायला घेतलं आणि २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. अडचण बरीचशी अशी, की लिडल मालाचा साठा खरेदीच्या किमतीला मोजायची आणि एसएपीची तयार पद्धत विक्रीच्या किमतीला मोजायची. आपली सवय सोडण्याऐवजी सॉफ्टवेअर वाकवत गेले. म्हणून कस्टमायझेशनला, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्यासाठी बदलून घ्यायला, माझा एकच नियम: ग्राहकाला किंवा सरकारला हवं असेल तरच करा. तुमच्या गाड्यांच्या कंपनीला त्यांच्याच फॉरमॅटचं बारकोड लेबल आणि एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) लागतो, तो करावाच लागेल. मालकाला सोमवारी सकाळी लागणारा रंगीत रिपोर्ट एक्सेलमध्ये चालतो.

फुकट पर्याय विचारलात म्हणून. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे, लायसन्स शून्य. चांगलं आहे, मी बसवलंही आहे. पण तुमच्या हिशेबात त्यामुळे वाचतात ते ५ लाख. वरचे दोन्ही खड्डे जसेच्या तसे राहतात आणि सर्व्हर सांभाळायला कोणीतरी लागतंच. महिन्याच्या भाड्याच्या क्लाउड पर्यायातही पाच वर्षांचा गुणाकार करून बघा: युजरमागे महिना ३,००० धरले तरी १२ युजरचे वर्षाला ४ लाख ३२ हजार, पाच वर्षांत २१ लाख ६० हजार. सुरुवातीला हलकं वाटतं, एवढंच.

टॅली काढायची की ठेवायची? तुमच्या आकाराच्या युनिटला मी ठेवा म्हणेन, निदान पहिलं वर्ष. सीएला तीच कळते, रिटर्न तिथूनच भरली जातात. ईआरपीत खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच चालवा आणि व्हाउचर टॅलीत ढकला. त्या जोडणीचे पैसे मात्र कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आता तारीख. सगळ्यांना १ एप्रिल हवी असते, ओपनिंग बॅलन्स सोपे पडतात म्हणून. पण मार्च एंडिंगला अकाउंट्सवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि डिस्पॅचवर टार्गेटची घाई असते. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम अडीच वर्षांत कोंबलं आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या मोठ्या ऑर्डरी तोंडावर असताना नवी सिस्टिम चालू केली. माल तयार होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत. तुम्ही जुलै धरा. एक रविवार-सोमवार मशीन बंद ठेवून स्टॉक मोजा, प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे पडलेला मालही त्यातच मोजा. त्या बंद दिवसाचं उत्पादन खर्चात लिहा. पुढे महिना-दोन महिने दोन्हीकडे एंट्री होणार, तेव्हा कुरकुर होईल, जेवणखाण आणि ओव्हरटाइम लागेल.

माझा अंदाज सांगायचा तर पहिल्या वर्षी खिशातून २० ते २२ लाख, आणि माणसांचा वेळ धरून २६-२७. कस्टमायझेशनवर लगाम नसेल तर ३० च्या पुढे सहज.

सही करण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. किमान २० टक्के पैसे पहिल्या पूर्ण महिन्याचा स्टॉक आणि जीएसटी जुळल्यावरच, असं लिहून घ्या. तुमच्याकडे येणाऱ्या कन्सल्टंटचं नाव करारात घाला आणि तो मध्येच नोकरी बदलून गेला तर नव्या माणसाच्या शिकण्याचे दिवस त्यांच्या खर्चाने, हेही. हे पुण्यात नक्की होतं. आणि व्हेंडर ज्या जुन्या गिऱ्हाइकाकडे नेईल तिथे मालकाच्या केबिनमधला चहा घेऊन झाला की स्टोअरमध्ये जा, तिथल्या माणसाला विचारा, "स्टॉक सिस्टिमचा खरा, की तुमच्या वहीतला?" वही अजून चालू असेल तर त्या व्हेंडरला पुन्हा भाव करायला बोलवा.